तळ्याच्या खाराचा केक

तुरीच्या शेंगा भरल्या, सकाळच्या बादलीतलं पाणी बोटांना झोंबायला लागलं आणि गल्लीत कुणाच्या तरी दारावर पहिली चांदणी लागली की माझं तोंड कडू होतं. डॉक्टर म्हणतात, पित्त. मुलगा म्हणतो, वय. मी दोघांनाही हो म्हणते. खरं कारण सांगत बसलं तर सकाळचा चहा दुपारपर्यंत गार होत राहील.

बुलढाण्याच्या या घरात आता नाताळ खोक्यातून निघतो. प्लॅस्टिकची चांदणी, प्लॅस्टिकचं झाड, झाडावरचा प्लॅस्टिकचा बर्फ, सगळं माळ्यावरून उतरतं आणि सण सरला की पुसून पुन्हा वर जातं. सुनेचा ओव्हन वेळ भरली की टुणकन वाजतो. तिला चांदणी चिकटवायला खळ शिजवावी लागत नाही, निखारे फुंकावे लागत नाहीत. मी नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवते, पण मनातल्या मनात. केकचा वास घरभर सुटला की तिनं मला हाक मारायची आणि मी खुर्चीतून उठायचं, एवढा आमचा करार आहे. पण वास आला की मी बुलढाण्यात राहत नाही. मी लोणारला असते आणि आई पाठमोरी चुलीपुढं बसलेली असते.

लोणारला आमचं ख्रिस्ती घर एकच होतं. बाबा शाळेत मास्तर, आई सरकारी दवाखान्यात नर्स. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वर्गातला नकाशा मात्र जुनाच होता आणि बाबा त्याच्यावर खडूनं नव्या सीमा काढून पोरांना दाखवत. बाबांना मागंपुढं कुणी नव्हतं; ते मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. आई साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याची लेक. लहानपणी तिच्या मांडीला गळू होऊन पाय सडायला लागला, तेव्हा तिच्या वडिलांनीच, म्हणजे आबांनी, तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला. पण महिनोन् महिने तिथं राहिलेली ती पोर तिथंच शिकली, तिथंच नर्स झाली, तिथंच तिला येशू भेटला आणि तिथंच बाबाही भेटले. आबा म्हणायचे, "पाय आणाले गेलो अन् पोरगी देऊन आलो."

आबा वर्षातून एकदा लोणारला धारेच्या तीर्थावर आंघोळीला येत. आंघोळ, देवदर्शन, मग आमचं घर. घर म्हणजे ओटा. उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. सोबत आणलेलं भाकरीचं फडकं सोडून ते ओट्यावर खात आणि पाणी शेजारच्या गोदाकाकूंकडून मागून घेत. आई उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसायची.

"बरी हायेस?"

"हाव, आबा."

"पोट्टे शिकून राह्यले?"

"हाव."

एवढ्या बोलण्यावर आई वर्ष काढायची. आबा दुष्ट नव्हते हो. येताना तूर आणत, हरभरा आणत, आमच्यासाठी बोरं आणत. त्यांच्या शेतातली तूर आमच्या चुलीवर शिजायची. आमच्या चुलीवर शिजलेलं मात्र त्यांना चालत नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ होती, गावात भावकी होती, आणि माणसाला या दोन्हींचा भार सारखाच वाटत असावा.

त्या वर्षी श्रावणात आजी गेली. तेराव्याला आम्ही गेलो. पंगत बसली तेव्हा आईचं पान गोठ्याच्या अंगाला वेगळं मांडलेलं होतं. मी तिच्या शेजारी बसले. वाढणाऱ्यानं पोळी हातभर वरून टाकली. आबा पंगतीत फिरून आग्रह करत होते. आमच्यापाशी आले आणि थांबले. मग ते तसेच पुढं गेले. आईनं मान वर केली नाही; स्वतःच्या आईच्या तेराव्याची ती पोळी तिनं पाण्याच्या घोटाबरोबर उतरवली.

भाऊबीजेला मामा ओवाळून घ्यायला आला. जाताना ओट्यावर चपला घालता घालता म्हणाला, "यमुना, आबा यंदा तुह्या सणाले येतो म्हणले."

"धारेले येतीन तवा?"

"धारेले नाई वं. सणाले."

सणाला येणं म्हणजे जेवायला येणं, हे आमच्या मुलखात समजावून सांगावं लागत नाही. पण आईला समजावून घ्यायची भीती वाटत होती. रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं बाबांना विचारलं, "खातीन का हो?" बाबा पोरांच्या वह्या तपासत होते. म्हणाले, "येतो म्हणालेत. खातो म्हणाल्याचं तर मेहुण्यांनी काही सांगितलं नाही." बाबांचं बोलणं असं व्याकरणशुद्ध असायचं आणि त्यानं कुणाचंच समाधान व्हायचं नाही.

त्या दिवसापासून आईचा नाताळ सुरू झाला. एरवी आमचा सण साधा असायचा. त्या वर्षी आईच्या अंगात आलं. "त्याईले दिसलं पाहिजे," ती म्हणायची, "का मी घरदार सोडून उकिरड्यावर नाई आली." आबांनी आपल्या घरात बसून आपल्या हातचा एक घास खावा, एवढीच तिची इच्छा होती. बाकी सगळी सजावट त्या घासाभोवतीची होती.

बुरडाकडून कामट्या आल्या. बाबांनी दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा मोडून त्याची पाच कोनांची चांदणी बांधली. आईनं मैद्याची खळ शिजवली, आम्ही पतंगाचे कागद कातरले. लाल कागद संपला म्हणून एक कोन हिरवा झाला, तर धाकटा शमुवेल त्याच्यासाठी तासभर रडला. पोळ्याचे मातीचे बैल आई जपून ठेवायची. ते येशूच्या जन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत उभे राहिले. एकाचं शिंग मोडलेलं होतं, त्याला मागं उभं केलं. मेंढ्या मात्र कुणाकडे नव्हत्या. मग कापसाचे बोळे केले आणि त्यांना सीताफळाच्या बियांचे डोळे लावले. झाड म्हणून बाभळीची फांदी आणली. बाभळीची एवढ्यासाठी, की तिच्या काट्यांत कापूस पक्का अडकतो. कापूस म्हणजे बर्फ. तो आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मिशनच्या दवाखान्यातल्या मॅडमनी आईला एकदा चित्रात दाखवला होता, तेवढाच आमचा बर्फ.

आता वाटतं, ते दिवस आनंदाचे असायला हवे होते. खळीचा वास, सारवलेली जमीन, संध्याकाळी तळ्यावरून वर येणारं धुकं. पण मला आठवते ती आईची घाई. ती चांदणीचा कागद चिकटवायची आणि मागं सरून परक्याच्या नजरेनं बघायची, पुन्हा पुढं होऊन सुरकुती काढायची. सणाची तयारी करणारं माणूस असं दिसत नाही. असं माणूस परीक्षेला बसलेलं दिसतं.

मग तिनं गोदाकाकूंना गाठलं. करंज्या, पुऱ्या, भाजी, शिरा, सगळं काकूंनी त्यांच्या चुलीवर, त्यांच्या हातानं करायचं. जिन्नस आईचे. आबांना पाणीही काकूंच्या कळशीतलं. म्हणजे त्यांच्या नेमाला कुठंच बाध नको.

"माय, मी कायले नाई म्हणन?" काकू म्हणाल्या. "पण बापाले तुह्या हातचं खाऊ दे ना वं एखादं."

"केक माह्या हातचा राहीन ना, काकू. बाजूले ठेवीन. खाल्ला तं खाल्ला."

सगळ्या पानात तेवढी एक गोष्ट आईच्या हातची असणार होती. आबा माळकरी, अंडं चालायचं नाही. मॅडमनी शिकवलेला केक अंड्यांचा होता. आईनं अंडी वगळायचं ठरवलं. "अंड्याचं निमित्त तरी नको उराले," ती म्हणाली.

इथं लोणारची गोष्ट सांगायला हवी. आमच्या तळ्याचं पाणी खारं. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर पांढरी खपली धरते. ती खरवडून, विरघळवून, गाळून खार करतात. पापडात तोच, हरभऱ्याची डाळ शिजेना झाली की तोच. घरोघरी बरणी असायची. दुकानातला खायचा सोडा त्या आठवड्यात संपला होता, आणि कुणालाच त्याची काळजी वाटली नाही. आई एरवीही केकमध्ये चिमूटभर खारच घालायची, काही बिघडायचं नाही. पण या वेळी अंडी नव्हती. फुगवायला काही तरी जास्तीचं हवं होतं. दवाखान्यात थेंब मोजून औषध देणारी माझी आई त्या दुपारी हाताच्या अंदाजानं खार घालून मोकळी झाली.

पितळी डब्यात मिश्रण, डबा वाळूच्या पातेल्यात, पातेलं चुलीवर आणि झाकणावर निखारे. मी आणि शमुवेल उकिडवे बसून राहिलो. झाकण उघडलं तेव्हा बाबासुद्धा उठून आले. इतका फुगलेला केक आमच्या घरात कधी झाला नव्हता. रंग नव्या मडक्यासारखा. वासात थोडा तळ्याचा वास होता, पण लोणारात कशाला तळ्याचा वास नव्हता?

शमुवेलनं हात पुढं केला. आईनं तो हळूच बाजूला सारला. "ज्याच्यासाठी केला त्याईनं आधी खायाचा." तिच्या माहेरी नैवेद्याची चव आधी कुणी घेत नसत. देव बदलला तरी हाताला लागलेलं वळण बदलत नाही.

नाताळच्या सकाळी घरातच प्रार्थना झाली. बाबांनी बायबलातला गव्हाणीचा भाग वाचला, आम्ही गाणी म्हटली. अंगणात चांदणीची रांगोळी होती. आबांची गाडी यायला अवकाश होता. आईनं केक ताटात काढला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. आतून तो कसा झाला असेल, ही शंका तिला गप्प बसू देईना. दवाखान्यातली सवय होती ती. दुसऱ्याला द्यायच्या आधी बाटली उजेडात धरून बघणारी. तिनं खालच्या बाजूनं, दिसणार नाही असा, एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

दुसरा तुकडा तिनं मला दिला. जीभ आखडली. साबण चाटल्यासारखं कडू. बाबांनी चव घेतली आणि मास्तरी पद्धतीनं धीर दिला, "कडेला आहे जरा. मधला भाग बरा असेल." मधला भाग जास्तच कडू होता.

"दुसरा करू?" मी विचारलं.

"कशाचा?" आई म्हणाली. घरात मैदा उरला नव्हता, आणि वेळही. ती जमिनीवर बसली. रडली नाही, पदराच्या टोकानं जीभ पुसत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या वरसांनी बाप घरी येऊन राह्यला. पयला घास कडू देऊ त्याले? म्हणन, हिचा देवच कडू."

तिनं केक पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

आबा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, एका हातात काठी, दुसऱ्यात बोरांची पिशवी. ओट्यापाशी त्यांनी जोडे काढले आणि काठी भिंतीला टेकवली. नेहमीच्या जागी घोंगडी अंथरलेली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. उंबरा ओलांडून ते सरळ आत आले.

आम्ही सगळे उभेच राहिलो. बाबांनी घाईनं सतरंजी झटकली. आबा बसले आणि घर बघू लागले. पोळ्याचे बैल ओळखून हसले. बाभळीच्या फांदीवर त्यांची नजर अडकली.

"एवढा कापूस झाडाले कायले लावला वं?"

"बरफ हाय तो, आबा," शमुवेल म्हणाला.

"बरफ? म्हंजे गारा?" आबांचा चेहरा गंभीर झाला. "गारा काऊन टांगता बे घरात? तूर उभी हाय वावरात!"

आम्ही पोरं खो खो हसलो. आईही हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं.

मग आईनं पान वाढलं. करंज्या, पुऱ्या, भाजी, शिरा. शेजारी काकूंची कळशी. पान पुढं सरकवून ती हात मागं घेत म्हणाली, "आबा, हे सगळं गोदाकाकूच्या घरचं हाय. त्याईनंच केलं. माह्या हातचं काईच नाई. बिनघोर खा."

तिच्या आवाजात अभिमान होता. किती बारकाईनं सगळं जमवलंय, हे तिला बापाला सांगायचं होतं.

आबा पानाकडे बघत राहिले. "काईच नाई तुह्या हातचं?"

"काईच नाई, आबा."

त्यांनी करंजी मोडली. अर्धी खाल्ली. मला म्हणाले, "पोरी, पाणी आण." मी आमच्या माठात तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हातही पुढं केला होता. आई ओरडली, "अवं, ते नको! काकूच्या कळशीतलं दे." मी तांब्या मागं घेतला. आबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग गुडघ्यावर आला.

दोन पुऱ्या कशाबशा संपवून त्यांनी हात धुतले. उठण्याआधी स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "झालं, यमे?"

"झालं, आबा."

"लय राबली वं," ते म्हणाले. जाताना फांदीवरचा कापूस दोन बोटांत घेऊन त्यांनी ओढून पाहिला, धागा चांगला असल्याचं सांगितलं आणि जोडे घातले. बाबा त्यांना गाडीत बसवून आले.

त्या संध्याकाळी आई खुशीत होती. हेच मला सगळ्यात जास्त छळतं. चांदणीत पणती लावताना ती बाबांना पुन्हा पुन्हा सांगत होती, "आबा आत आले. आपल्या घरात बसून जेवले." केक तिनं काकूंच्या गाईपुढं टाकला. गाईनं हुंगला आणि मान फिरवली. आई म्हणाली, "पुढच्या सणाले चांगला करीन. तवा वाढीन आपल्या हातचा."

पुढचा सण आबांनी पाहिला नाही. वैशाखात, वखरणी चालू असताना, ते बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

पुन्हा साखरखेर्डा, पुन्हा तेरावं, पुन्हा गोठ्याच्या अंगाला पान. पण या वेळी मामी स्वतःचं पान उचलून आईच्या शेजारी येऊन बसली. भावकी बघत राहिली. जेवणं झाल्यावर उष्टी काढता काढता मामी म्हणाली, "तुमच्यावर रागावले होते वो आबा, वन्स."

"काऊन?"

"सणाहून आले तवापासून गुमसुमच होते. म्या लय खोदून इचारलं, तवा बोलले. म्हणे, पोरीच्या हातचं खायाले गेलतो. तिनं शेजारणीचं वाढलं." मामीनं डोळ्याला पदर लावला. "जाताना म्या भाकर बांधून देत होती त्याईले. तं नको म्हणले. लेकीच्या घरी जाऊन राह्यलो, म्हणे, भाकर कायले?"

तेव्हा मला ते दिसलं. काठी आणि बोरांची पिशवी. भाकरीचं फडकं त्या दिवशी त्यांच्या हातात नव्हतं. फडकं नाही, हे समोर असूनही आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं.

आई भिंतीला टेकली. "केक केला होता वयनी," ती म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "माह्या हातानं केला होता. कडू झाला म्हणून नाई वाढला."

"कडू तं कडू," मामी म्हणाली. "बापानं खाल्ला असता."

परतीच्या गाडीत आई खिडकीपाशी बसली होती. वखरलेली काळी वावरं मागं पडत होती. मी तिचा हात धरला होता, पण तो हात मला धरत नव्हता.

त्यानंतरही आमचे नाताळ झाले. चांदणी झाली, बाभळीची फांदी आली, बैलाचं दुसरं शिंग मोडलं. केकही झाला, दर वर्षी. दुकानातला सोडा आणून, पाव चमचा मोजून. पण एक गोष्ट बदलली. आई कुठल्याच पदार्थाची चव बघेनाशी झाली. केक असो, वरण असो, जे झालं ते चुलीवरून उतरायचं आणि समोरच्याच्या पानात जायचं. कधी मीठ दोनदा पडायचं, कधी मुळीच पडायचं नाही. पाहुण्यांपुढं आम्ही ओशाळायचो. तिच्या केसांत रुपेरी छटा आली, बाबा निवृत्त झाले, तरी तिचं तेच. आज सूनबाई केकमध्ये सळई खुपसून बघते, कोपरा मोडून खाते, मान डोलावते, आणि मी दुसरीकडे पाहते.

एका नाताळला शिरा इतका खारट झाला की बाबांसारख्या सोशिक माणसानंही चमचा खाली ठेवला. ते म्हणाले, "यमुना, वाढण्याआधी एकदा चव तरी घेत जा."

आई माझ्या पानात शिरा वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"घेतली होती एकदा," ती म्हणाली.